पाइप ओढताना जीभ का पोळते आणि चव कशी सापडते

पाइप नव्याने ओढू लागलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते. डबा उघडला की मधाचा, व्हॅनिलाचा, सुक्या फळांचा वास घमघमतो, आणि पेटवल्यावर मात्र हाती लागते गरम हवा व झोंबणारी जीभ. मग तंबाखूला नावे ठेवून नवा डबा आणला जातो. माझे मत असे की डबा बदलण्याआधी तंबाखूचा ओलावा आणि झुरक्यांचा वेग बदलून पाहावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. धूर छातीत घेतला नाही तरी पाइप निरुपद्रवी ठरत नाही. पाइपने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होऊ शकतो आणि खालच्या कोणत्याही युक्तीने तो धोका टळत नाही. हा लेख जे ओढतातच त्यांच्यासाठी आहे.

१. झोंबते म्हणजे नेमके काय होते, ते ओळखा

जिभेच्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पहिला साधा चटका: ओढताना लगेच जाणवतो, नळीतून येणारी धुराची धार जिथे आदळते तिथेच. अशा वेळी बाउलही, म्हणजे तंबाखू भरायची पाइपची वाटी, हाताला तापलेला लागतो. दुसरी चरचर रासायनिक. धूर फार अल्कधर्मी असला की पाइप गार राहूनही जीभ सोलवटल्यासारखी होते आणि दुसऱ्या दिवशीही गरम पेय झोंबते. तिसरी मिरमिरी, मिरीसारखी चुरचुर. ती पेरीक नावाच्या आंबवलेल्या तंबाखूतून किंवा निकोटीन जास्त असलेल्या पानातून येते, झुरके थांबवले की विरते, आणि अनेकांना आवडतेही.

२. तंबाखू वाळवा

सर्वाधिक फरक इथे पडतो. ओला तंबाखू जळताना वाफ सोडतो, आणि वाफ कोरड्या धुरापेक्षा जास्त पोळते. शिवाय तो सारखा विझतो, म्हणून माणूस जोरात ओढतो, म्हणजे आणखी उष्णता. सुवासिक मिश्रणांत ओलावा टिकवण्यासाठी बऱ्याचदा प्रोपिलीन ग्लायकॉल घातलेले असते, त्यामुळे ती लवकर वाळत नाहीत.

एका बाउलपुरता तंबाखू कागदावर मोकळा पसरून ठेवा. अर्ध्या तासाने चिमूटभर दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर अजून ओला आहे, हळूहळू सुटा झाला तर तयार. भुगा होऊ लागला तर जास्तच वाळला: तो भराभर जळतो आणि फिका लागतो.

३. भरणे आणि पेटवणे

तळाशी सैल, वर थोडा घट्ट. पेटवण्याआधी नुसती हवा ओढून पाहा. ओढायला जोर लागत असेल तर सगळा तंबाखू काढून पुन्हा भरा. पहिल्या काडीने वरचा थर फुलून येतो. तो टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने, हलकेच बसवा, मग दुसरी काडी लावा.

४. वेग कमी करा

झुरका घोटासारखा छोटा घ्या. नाकाने नेहमीचा श्वास चालू ठेवा आणि तोंडाने फक्त थोडा धूर आत येऊ द्या. मोजमाप एकच: बाउल गालाला लावून पाहा. सहन होत नसेल तर पाइप खाली ठेवा. विझला तर विझू द्या, पुन्हा पेटवण्यात कमीपणा काही नाही. सतत धगधगता ठेवण्याची ईर्षा मात्र जीभ आणि चव दोन्ही घालवते. नळी एकाच जागी धरू नका. कधी डावीकडे, कधी उजवीकडे घेतलीत तर धार एकाच ठिकाणी बसत नाही.

५. चव नाकाने घ्या

जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढेच कळते. ‘टोकाला गोड, मागे कडू’ असा जिभेचा नकाशा अनेक पुस्तकांत छापला गेला. तो १९०१ सालच्या एका जर्मन प्रबंधाच्या चुकीच्या अर्थातून आला. चवीच्या कळ्या असतात त्या सर्व भागांना पाचही चवी कमीअधिक कळतात. गवत, लाकूड, अंजीर, चामडे हे सगळे वास आहेत.

खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक झुरका घ्या. थोडी गोडी किंवा कडवटपणा, उष्णता आणि चुरचुर एवढेच उरते. आता चिमूट सोडा आणि धूर छातीत न घेता, तोंड मिटून त्यातला अगदी थोडा नाकावाटे सोडा. सुरुवातीला बहुतेक धूर तोंडाने सोडून शेवटचा अंश नाकाकडे वळवावा, नाहीतर डोळ्यांतून पाणी येते. डब्यातल्या वासाची मात्र तंतोतंत अपेक्षा नको. वरून दिलेला सुगंध आचेत बराचसा उडून जातो.

६. पानाचा स्वभाव

व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर भरपूर असते. धूर गोडसर, पण जोरात ओढला की चटका ठरलेला. बर्ली जातीत साखर नगण्य. धूर अल्कधर्मी, आणि त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच चांगले शोषले जाते. डोके गरगरले तर पाइप ठेवून द्या. लटाकिया हा तंबाखू लाकडाच्या धुरावर मुरवलेला असतो. वास उग्र, तरी जिभेला बहुधा सौम्य. पेरीक अमेरिकेतील लुईझियानाच्या सेंट जेम्स पॅरिशचा, पिंपात दाबून आंबवलेला. तो मिश्रणात थोडाच घालतात. एकाच डब्याने जीभ वारंवार सोलवटत असेल तर दुसऱ्या जातीचे पान घेऊन पाहा.

७. पाइप आणि तोंड, दोन्हींना विश्रांती

ओढून झाल्यावर, पाइप गार झाला की, नळीत पाइप क्लीनर फिरवा. साचलेली ओल आणि मळी कडवट, आंबूस चव देते. ब्रायरचा, म्हणजे लाकडी, पाइप किमान एक दिवस तसाच वाळू द्या. लटाकियाचा वास लाकडात मुरतो, त्यासाठी वेगळा पाइप ठेवलेला बरा.

जीभ पोळलेली असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत पाइपला हात लावू नका. टाळू पांढरट होऊन त्यावर लाल ठिपके दिसले, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठला, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दंतवैद्याला दाखवा. दुखत नसले तरी दाखवा.