ठाण्यात राहून खड्ड्यात मडकी भाजायची असतील तर

मातीकामाच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, की स्टुडिओच्या विजेच्या भट्टीला पैसे मोजण्यापेक्षा आपणच एक खड्डा खणावा, लाकडं रचावीत आणि पूर्वीसारखी मडकी भाजावीत. मलाही वाटलं. आता दर थंडीत मी हे करते. राहते ठाण्यात, नौपाड्यात, चौथ्या मजल्यावर. भाजते मात्र नवी मुंबईत, करावे गावात आत्याच्या परसात. क्लासमधल्या नव्या मुली विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

सुरुवात जागेपासून करू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. फ्लॅटच्या गॅलरीत हे करायचं नाही. भुसा नुसता धुमसत असला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि त्याला वास नसतो. गच्चीवरही नको. तापलेल्या काँक्रीटचे टवके उडतात, वॉटरप्रूफिंग जातं आणि पावसाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक तुम्हाला शोधत येतात. सोसायटीच्या बागेतला मोकळा कोपरा मोहात पाडतो, पण उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि 2016मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी पाच हजारांपासून दंड सांगितला. आपण कचरा नाही, सुकं लाकूड जाळतोय हे खरं असलं तरी धूर दिसल्यावर ते ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. येऊरचा विचारही मनात आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. खाडीकाठी खारफुटी आहे, तिथेही नाही.

मग उरतं काय? ओळखीच्या कोणाचं अंगण, गावठाणातलं परसू, नाहीतर मुरबाड-कर्जतकडे कोणाची शेतजमीन. तिथेही आधी शेजारी सांगून ठेवायचं. आमच्याकडे शेजारच्या काकूंची सुकट वाळत असते. तिला धुराचा वास लागला तर नातं बिघडेल, म्हणून मी आदल्या दिवशी त्यांच्या वाळवणाचं विचारून मगच दिवस ठरवते. वाऱ्याचंही तसंच. थंडीत सकाळी हवा जड असते, धूर जमिनीलगत बसून राहतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तो वर जातो आणि पांगतो. म्हणून आम्ही तीन-साडेतीनला पेटवतो. याचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे येईल.

आता मुद्द्याचं. नवशिक्यांचं सगळं लक्ष आगीकडे असतं. खड्डा किती खोल, लाकूड कुठलं, किती वेळ. माझ्या मते हे काम आगीचं कमी आणि पाण्याचं जास्त आहे. काडी ओढायच्या आधीच बहुतेक मडक्यांचं नशीब ठरलेलं असतं.

मातीत पाणी दोन तऱ्हेने असतं. एक साधं, मळताना घातलेलं. ते वाळून जातं, पण हाताला कोरड्या वाटणाऱ्या भांड्यातही थोडं उरतं. शंभर अंशांना त्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तिला भिंतीतून हळूहळू निघायला वेळ मिळाला नाही तर ती भिंत फोडून निघते. खड्ड्यातून येणारा तो 'फट्' आवाज म्हणजे हेच. लोक म्हणतात हवेचा बुडबुडा राहिला होता. बुडबुड्याभोवतीची माती ओली राहिली होती, हे खरं कारण. दुसरं पाणी मातीच्या कणांतच रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. ते साधारण साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान सुटतं. ते गेलं की माती परत कधी चिखल होत नाही, तिचं मडकं झालं. भाजण्याचा सगळा अर्थ एवढाच आहे. याच टप्प्यात, 573 अंशांवर, मातीतल्या गारगोटीच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम किंचित फुगतात. थंड होताना तिथेच आकसतात. त्यामुळे या पट्ट्यातून जाताना आणि येताना, दोन्ही वेळा घाई चालत नाही.

पण आपल्याकडच्या हवेत वाळणं हेच अवघड. जून ते सप्टेंबर ठाण्यात कपडे वाळत नाहीत, तिथे मडकी काय वाळणार. पावसाळ्यात मी फक्त घडवते आणि रचून ठेवते. ऑक्टोबरात उलटा त्रास. काठ भराभर वाळतो, बूड ओलं राहतं, आणि काठापासून खाली चीर जाते. म्हणून भांडं आधी दोन-तीन दिवस पातळ प्लॅस्टिकखाली ठेवायचं, मग उघडं करून काठावर उलटं घालायचं, पंख्याखाली कधीच नाही. वाळलं की नाही ते गालाला लावून बघायचं. गालाला गार लागलं तर आत पाणी आहे, कारण ते अजून उडतंय. कुंभारवाड्यात सगळे असंच बघतात, आणि यापेक्षा भरवशाचं यंत्र मला तरी मिळालेलं नाही. भाजायच्या दिवशी सकाळी घरच्या ओव्हनमध्ये ऐंशी-नव्वद अंशांवर काही तास ठेवलं की उरलंसुरलंही जातं. शंभराच्या वर न्यायचं नाही. नंतर कागदात गुंडाळून थेट परसात. ट्रान्स-हार्बर लोकलला नेरूळपर्यंत मांडीवर मडकी घेऊन बसले की लोक जागा देतात, असा अनुभव आहे.

माती मी धारावीच्या कुंभारवाड्यातून आणते. ठाण्याहून स्लो लोकलने सायन, पुढे रिक्षा नाहीतर चालत. तिथले बहुतेक कुंभार मूळचे सौराष्ट्रातले, आणि लाल माती विकत देतात. गणपतीची शाडू मी या कामाला घेत नाही. ती फार बारीक आणि घट्ट आहे, वाफेला वाट देत नाही. खड्ड्यात जाणारी माती मोकळी हवी. खेड्यातले कुंभार मातीत राख आणि घोड्याची किंवा गाढवाची लीद घालतात, ती त्यासाठीच. लीदीतला गवताचा चोथा जळून जातो आणि मागे बारीक वाटा राहतात. शहरात लीद मिळणं कठीण, म्हणून मी फुटक्या माठाचा किंवा कौलाचा चुरा घालते, मातीच्या पाव हिश्शापर्यंत. चुरा कुटताना तोंडाला चांगला मास्क लावायचा आणि पाणी शिंपडून कुटायचं. ही धूळ फुप्फुसात बसते आणि तिने होणारा सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. समुद्राची वाळू घालू नका. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असतात. भाजताना त्यांचा चुना होतो, तो नंतर हवेतला दमटपणा ओढून फुगतो आणि चांगल्या मडक्यावरची खपली काही दिवसांनी आपोआप उडते.

आकाराबद्दल थोडक्यात. गोल, बंद, मुठीएवढी बोळकी आणि पणत्या करा. भिंत सगळीकडे सारखी, सहा ते आठ मिलिमीटर. ताटल्या, चौकोनी पेट्या, चिकटवलेले लांब कान यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. माती चामड्यासारखी घट्ट झाली की गुळगुळीत गोट्याने नाहीतर चमच्याच्या पाठीने घोटायची, वर गेरूचा पातळ हात दिला तर रंग खुलतो. ही चमक काचेची नसते. कण एका दिशेला आडवे बसल्याने ती येते, आणि हजार अंशांच्या जवळ गेली की विरते. खड्डा तेवढा तापत नाही, म्हणूनच घोटलेली भांडी खड्ड्याला मानवतात.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. कच्ची भांडी थेट खड्ड्यात घालायची, की आधी स्टुडिओच्या भट्टीत नऊशे-साडेनऊशेला एकदा भाजून मग खड्ड्यात फक्त रंगासाठी? शुद्धतावादी पहिल्याच्या बाजूचे. मी नवशिक्यांना दुसरं सांगते. बरेच स्टुडिओ बाहेरची कामं वजनावर किंवा आकारावर पैसे घेऊन भाजून देतात. थोडा खर्च होतो, पण खड्ड्यातली फूट फार कमी होते. घोटलेली चमक जपायची असेल तर भट्टीचं तापमान थोडं खालीच ठेवायला सांगा. आगीचा स्वभाव कळला की मग कच्ची भांडी घाला.

खड्डा दीड-दोन फूट खोल, तीनेक फूट रुंद. खणता येत नसेल तर जमिनीवर विटांची चौकट रचा, मध्ये बोटभर फटी ठेवून. नदीतले गोटे कडेला लावू नका, त्यांच्यात पाणी असलं तर तेही फुटतात. आणि जमीन ओली असते, हे विसरायचं नाही. मी दुपारी आधी रिकाम्या खड्ड्यात तासभर छोटी शेकोटी करते आणि भांडी तिच्याभोवती फिरवत शेकते. राख बाजूला केली की तळाला वीतभर लाकडाचा भुसा, त्यावर भांडी, मधल्या जागेत पेंढा आणि भाताचं तूस, वर गोवऱ्या, मग काटक्या, शेवटी जाड लाकूड. भुसा वखारीतून आणा, पण प्लायवूड आणि एमडीएफचा नको, त्यात गोंद असतो. रंगवलेलं लाकूड आणि पॅकिंगचं प्लॅस्टिकही नको. गोवऱ्या तबेल्यातून मिळतात. आत्या प्रत्येक गोवरी हातात घेऊन मोडून बघते. ती वाकली तर बाजूला. "ओली आहे गं, नुसता धूर काढशील," हे तिचं ठरलेलं वाक्य.

पेटवायचं वरून. आग खाली उतरत जाते आणि भांड्यांना सावकाश उष्णता मिळते. खालून पेटवलं तर ज्वाळा थेट बुडाला लागते. सुती कपडे, बांधलेले केस, ओढणी घरात, चामड्याचे हातमोजे, जवळ पाण्याचा पाइप आणि वाळूची बादली. पाणी आग बाहेर पसरली तरच, मडक्यांवर कधीच नाही.

तासा-दीड तासात ज्वाळा भरात येतात. लाकूड घालत राहायचं. साधारण सहाशेच्या पुढे भांडी मंद लाल दिसू लागतात, साडेसातशे-आठशेला चेरीसारखी लाल. भर दुपारी हे दिसतच नाही. म्हणून साडेतीनला पेटवायचं, म्हणजे ऐन रंग संधिप्रकाशात येतो आणि थर्मामीटरशिवाय अंदाज बांधता येतो. सगळी भांडी लाल झालेली दिसली की मी आणखी पाऊण तास तरी तशीच आग ठेवते.

मग रंगाचा खेळ. मातीतल्या लोहाला भरपूर हवा मिळाली तर भांडं लाल निघतं. हवा तोडली आणि धूर कोंडला तर काळं. लालच हवं असेल तर आग आपोआप विझू द्या. काळं हवं असेल तर ऐन तापात वरून भुसा, सुकं शेण ओता, जस्ताचा मुलामा नसलेले पत्रे टाका आणि कडा मातीने बंद करा. आझमगडजवळच्या निजामाबादची काळी भांडी आणि न्यू मेक्सिकोतल्या मारिया मार्टिनेझ यांची प्रसिद्ध काळी मडकी, दोन्हींमागे हीच कोंडलेल्या धुराची युक्ती आहे. मला सगळ्यात आवडतो तो प्रकार आपल्याच विदर्भातल्या महापाषाणीय दफनांत सापडतो. बाहेरून लाल, आतून आणि काठाला काळी भांडी. ती उलटी घालून भाजत असावेत, असं मानलं जातं. करून बघणं सोपं आहे. भांडं भुशात तोंड खाली करून रुतवा आणि वरची बाजू हवेत ठेवा. आतल्या भुशाला हवा मिळत नाही, तो धुमसत राहतो आणि आतून काळं होतं.

इंटरनेटवर मोरचूद (तांब्याचा क्षार), हिराकस (लोहाचा क्षार), मीठ टाकून गुलाबी-हिरवे रंग काढलेले दिसतील. मोरचुदाने खरंच सुंदर लाल-किरमिजी डाग पडतात. पण मीठ आणि क्षार तापले की निघणारी वाफ घशाला आणि डोळ्यांना झोंबते, आणि गावठाणात दहा फुटांवर दुसऱ्याची खिडकी असते. मी केळीच्या वाळलेल्या साली, चहाचा चोथा आणि तांब्याची बारीक तार यांवर भागवते. तार भांड्याभोवती गुंडाळली की तिच्या रेषेवर गडद खूण उमटते. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा पत्रा मात्र आगीत नको, जस्ताचा धूर ताप आणतो.

उघडायचं दुसऱ्या दिवशी, राख हाताला सोसवेल इतकी निवल्यावर. भांडं टिचकीने वाजवा. टणटणीत आवाज आला तर भाजलंय, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे किंवा कच्चं राहिलंय. शंका असेल तर एखादी फुटकी खापरी रात्रभर पाण्यात टाका. सकाळी चिखल झाला तर आग कमी पडली. मग ती सगळी खेप पुन्हा घालता येते, त्यात काही बिघडत नाही. चांगली निघालेली भांडी ओल्या फडक्याने पुसून, थोडी कोमट करून मेण चोळा, रंग दुपटीने खुलतो.

यावर पोट भरेल का, असंही विचारतात. नुसत्या खड्ड्यातल्या भांड्यांवर नाही. ज्यांना हे गंभीरपणे करायचंय त्यांनी आधी पाया पक्का करावा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मृत्तिकाकाम शिकता येतं, आणि पुदुच्चेरीत डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी 1971मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत कितीतरी भारतीय कुंभकार घडले. माझ्या ओळखीतल्या ज्यांचं बरं चाललंय, त्यांची कमाई शिकवण्यातून आणि चकाकी दिलेल्या कप-ताटल्यांतून येते. खड्ड्यातलं काम प्रदर्शनात एखाद-दुसरं जातं. विकताना गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, की भांडं सच्छिद्र आहे, पाणी झिरपेल, आणि क्षार वापरले असतील तर खाण्यापिण्यासाठी अजिबात नाही. फुलं ठेवायची असतील तर आत काचेची छोटी बाटली बसेल एवढं तोंड घडवतानाच रुंद ठेवा. ती बाटली आधी विकत घ्या, आणि माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहावा हिस्सा आकसते हे धरून माप काढा.