नान्नजचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

अर्थशास्त्रात एम.ए. करून वन्यजीव पर्यटन आणि नैसर्गिक साधनसंपत्तीच्या कामात उतरू पाहणाऱ्या सोलापूरच्या मुलांना नान्नजचं माळढोक अभयारण्य हाताशी आहे. तरी पर्यटकांना विचारून अभयारण्याचं रुपयांतलं मूल्य काढायचे प्रकल्प पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी फसतात: प्रश्नावलीत. आकडेमोड नंतरची.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अख्ख्या सहलीचा खर्च नान्नजच्या खाती मांडणं. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला लिहिलेल्या पत्रात प्रवासखर्च पद्धतीची कल्पना सुचवली होती. तिकीट कितीही स्वस्त असो, तिथवर यायला माणूस जो खर्च सोसतो त्यावरून मागणी कळते. आता पुण्याची चौघं गाडी काढून निघतात, अक्कलकोट, तुळजापूर करतात आणि जमलं तर नान्नजला काळवीट बघतात. जाऊन-येऊन सुमारे ५०० किलोमीटर. किलोमीटरला १० रुपये धरले तर माणशी १,२५०. पण नान्नजची वाकडी वाट सोलापुरातून जेमतेम ४० किलोमीटरची, म्हणजे माणशी १००. फॉर्मवर १,२५० चढले की काळविटासाठी लोक एवढा भार आनंदानं सोसतात असं दिसतं आणि मूल्य फुगतं.

म्हणून खर्चाआधी हे विचारा: ‘नान्नज आज बंद असतं तरी इकडे आला असता का?’ ‘हो’ म्हणणाऱ्यांचे फॉर्म वेगळे काढा. खर्च तीन ठिकाणी सारखा वाटून मोकळं होणं हा निव्वळ आळस आहे. खर्च आणि भेटींची संख्या यांचं नातं मांडणाऱ्या मॉडेलमध्ये त्यांच्यासाठी वेगळं चल (व्हेरिएबल) घाला, नाहीतर त्यांना वगळून अहवालात तसं स्पष्ट लिहा.

दुसरी चूक गेटवरची. दर रविवारी कॅमेरा घेऊन येणारा तुम्हाला हमखास भेटतो, वर्षातून एकदा येणारा क्वचित, आणि न येणारा कधीच नाही. हे न सुधारता सरासरी काढली तर ती खोटीच. त्यासाठी प्वासाँ (मोजून येणाऱ्या संख्यांसाठीचं) मॉडेल वापरत असाल तर प्रत्येकाच्या भेटींच्या संख्येतून १ वजा करा. भेटींचं विचरण (संख्यांचा पसारा, व्हेरिअन्स) सरासरीपेक्षा फार मोठं असेल तर ऋण द्विपद (निगेटिव्ह बायनोमियल) मॉडेल लागतं, आणि तिथं एवढ्या वजाबाकीनं भागत नाही. शिवाय उजाडताच गेटवर हजर राहा. पक्षी बघणारे ऊन चढायच्या आत परततात. दहाला पोचून बाराला फॉर्म गोळा करणाऱ्यांनी हे क्षेत्र निवडू नये.

मूल्य काढताना मॉडेलमधून आलेल्या खर्चाच्या गुणांकाचं चिन्ह उलटं करून १ ला त्यानं भागा. गुणांक −०.००२ आला तर भेटीमागे संतोषाधिक्य, म्हणजे केलेल्या खर्चाच्या वर पर्यटकाला मिळालेला लाभ, ५०० रुपये. हॉटेलांचा गल्ला हा वेगळा हिशेब, तो यात मिसळू नका.

‘संवर्धनासाठी किती द्याल?’ असं थेटही विचारत असाल आणि याला सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारानं ‘शून्य’ म्हटलं तर कारण विचारा. ‘परवडत नाही’ हे खरं शून्य. ‘सरकारनं करावं’ हा निषेध.

अमेरिकी अभ्यासातला मूल्याचा आकडा रुपयांत बदलून नान्नजला चिकटवू नका.

नोकरीचं बोलायचं तर, नुसत्या अर्थशास्त्राच्या पदवीवर भारतीय वन सेवेची परीक्षा देता येत नाही. पदवीला संख्याशास्त्र किंवा गणितासारखा विषय हवा. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी चालते.

आणि नान्नजला लांडगेही आहेत. पर्यटकाचा आनंद मोजला, पण ज्याची मेंढी गेली त्या धनगराला विचारलंच नाही, तर हिशेब अर्धाच. दिवसा धनगर रानात असतात. संध्याकाळी वाड्यावर गाठा.