लेसर आणि इलेक्ट्रॉन बीमची गाठ कशी घालायची

पूर्ण ताकदीचा लेसर सगळ्यात शेवटी. गटात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच बजावते, कारण या प्रयोगात, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत (बीम) प्रखर लेसरवर आदळवून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनची धन विद्युतभाराची जुळी भावंडं) मिळवण्यात, खरा वेळ जातो तो दोन्ही बीमची गाठ घालून देण्यात.

आधी कागदावर हिशेब करा. श्विंगर मर्यादा म्हणजे निर्वात पोकळीतूनच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या निघू लागतील इतकं तीव्र विद्युतक्षेत्र: मीटरला १३ वर १७ शून्यं इतके व्होल्ट. इलेक्ट्रॉनला समोरून येणारं क्षेत्र त्याच्या वेगामुळे कितीतरी पट मोठं भासतं. बीम १० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा, लेसर ८०० नॅनोमीटरचा आणि तीव्रता चौरस सेंटिमीटरला २ वर २० शून्यं इतके वॅट असेल, तर ही मर्यादा गाठली जाते. स्लॅक या अमेरिकेतल्या प्रवेगक प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात ४६.६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा बीम वापरूनही मर्यादेच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंतच पोचता आलं, आणि पॉझिट्रॉन मिळाले जेमतेम शंभरेक.

टक्कर अगदी समोरासमोर नको. उरलेला प्रकाश आल्या वाटेने परत जाऊन लेसरचा ॲम्प्लिफायर जाळतो. लेसर १७ अंशांनी तिरका ठेवलात तर भासणाऱ्या क्षेत्राचं नुकसान दोनच टक्के.

जागा जुळवायला भेटीच्या ठिकाणी पातळ चमकणारा पडदा लावा आणि दोन्ही ठिपके एकाच कॅमेऱ्यात बघा. लेसर अर्थातच अगदी मंद, नाहीतर पडद्याला भोक.

मग वेळ. ही खरी डोकेदुखी. पडद्याच्या जागी धातूचा पत्रा आणा. इलेक्ट्रॉन आदळताच निघणारा क्षणिक प्रकाश आणि लेसरचा प्रकाश एकाच फोटोडायोडवर घेतलात की ऑसिलोस्कोपवर काही दहा पिकोसेकंदांपर्यंत जुळतं (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग, फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा). पण लेसरचा पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, असतो ३० फेम्टोसेकंदांचा, म्हणजे फक्त ९ मायक्रोमीटर लांब! पुढचा शोध डिले स्टेजने, म्हणजे आरसे सरकवून लेसरची वाट लांब-आखूड करणाऱ्या सरकत्या पाटाने. स्टेज १ मायक्रोमीटर सरकली की वेळ ६.७ फेम्टोसेकंदांनी बदलते, कारण प्रकाश जातो आणि परत येतो. सुरुवातीला पल्स ताणून लांब करा, फोकस सैल ठेवा, आणि गॅमा डिटेक्टरवर नजर ठेवून स्टेज हळूहळू फिरवा: गाठ पडली की इलेक्ट्रॉन लेसरचा फोटॉन (प्रकाशकण) गिळून गॅमा किरण बाहेर टाकतो आणि त्यात ऊर्जा गमावतो. एक शॉट लेसरसह, एक लेसरविना. त्याशिवाय दिसलेल्या गॅमावर मी विश्वास ठेवत नाही. बीम ज्या नळीतून जातो त्या बीमपाइपला घासून आलेला कचराही तसाच दिसतो.

सिग्नल मिळाला की इलेक्ट्रॉनांना ऊर्जेप्रमाणे वेगळं करणाऱ्या चुंबकामागचा त्यांचा वर्णपट बघा. कमी तीव्रतेला ८.१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टवर स्पष्ट कडा हवी. एक फोटॉन गिळलेला इलेक्ट्रॉन याहून खाली जात नाही. तीव्रता वाढवत नेली की त्या कडेखालीही इलेक्ट्रॉन दिसू लागतात: एकाच वेळी दोन-दोन फोटॉन गिळलेले. इथून पुढे पॉझिट्रॉनच्या बाजूचा डिटेक्टर चालू करायला हरकत नाही.

खोलीचं तापमान मात्र सांभाळा. मीटरभर पोलाद एका अंशाने तापलं की सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं, म्हणजे ४० फेम्टोसेकंद गेले. सिग्नल अचानक मेला तर लेसरवाल्यांशी भांडण्याआधी स्टेज पुन्हा एकदा फिरवून बघा.