टोकन देण्याआधी: नव्या मोटारसायकलस्वाराने अंगावर काय घ्यावे

नवी गाडी पाडव्याला किंवा दसऱ्याला घरी आणायची, हे पुण्यातल्या बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते, आणि त्याआधीचे एक-दोन महिने मायलेज, रंग, हप्ता आणि ऑन-रोड किंमत यांच्या चर्चेत जातात. हेल्मेटचा विषय निघतो तो डिलिव्हरीच्या दिवशी, हार आणि पेढे घेऊन झाल्यावर, उरलेल्या पैशांत. यादीतले पहिले काम म्हणून हा क्रम बदलावा आणि गाडीचे टोकन देण्याआधीच अंगावरच्या साहित्याची रक्कम वेगळी काढून ठेवावी. हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, गुडघ्यांचे गार्ड आणि बूट असा मध्यम प्रतीचा संच साधारण २० हजारांच्या घरात जातो. एवढे पैसे गाडीच्या बजेटमध्ये बसत नसतील, तर गाडीचे एक पायरी खालचे मॉडेल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावातल्या गावात हेल्मेट कशाला, हा वाद पुण्याला नवा नाही. सक्तीविरुद्ध येथे रीतसर मोर्चे निघालेले आहेत. पेठांमधून गाडी ताशी तीसच्या वर जातेच कुठे, हा त्यातला आवडता मुद्दा. परंतु दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके रस्त्यावर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर झालेला असतो, आणि त्यासाठी गाडी चालू असण्याचीही गरज नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, त्यामुळे हेल्मेट दोन लागतील हे धरूनच चालावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या विक्रीबरोबर हेल्मेट देणे अपेक्षित आहे. ते शोरूममध्ये आठवणीने मागून घ्यावे, पण आपल्या मापाचे निघेल या भरवशावर राहू नये.

१ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट देशात बनवणे आणि विकणे या दोन्हींवर बंदी आहे, तरीही पदपथावर टांगलेल्या हेल्मेटांवर तसले चिन्ह स्टिकर म्हणून सर्रास चिकटवलेले दिसते. खऱ्या चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते. दुकानातच हे करून पाहावे, दोन मिनिटांचे काम आहे. प्रकार निवडताना नव्या चालकाने फुल फेसच घ्यावे. हाफ फेस हेल्मेटमध्ये हनुवटी आणि जबडा उघडाच राहतो, आणि पुढच्या बाजूला पडताना नेमके तेच आधी टेकतात.

खरा वेळ मापाला द्यावा. भुवयांच्या किंचित वर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून शिंप्याची टेप फिरवून घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा, कारण एका कंपनीचे ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘मीडियम’सारखे असेलच असे नाही. हेल्मेट चढवल्यावर पट्टा आवळावा, हनुवटीचा भाग दोन्ही हातांनी धरून हेल्मेट डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि आरशात पाहावे: गालांची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर माप बरोबर, आणि डोके आत जागेवर राहून नुसते हेल्मेट फिरले तर ते मोठे आहे. मग मागच्या कडेला धरून ते पुढे ओढून काढायचा प्रयत्न करावा. पट्टा आवळलेला असताना ते डोक्यावरून निघता कामा नये. नवे हेल्मेट गालांना घट्टच लागते, बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली येते, आणि पुढे पॅड बसले की ते सैल होते. कपाळावर मात्र एकाच ठिकाणी टोचत असेल तर त्या हेल्मेटचा आकारच आपल्या डोक्याला जुळणारा नाही. हे दोन मिनिटांत कळत नाही, म्हणून ते किमान वीस मिनिटे डोक्यावर ठेवून दुकानात वावरावे. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्यावा. आपल्याकडे हेल्मेटखाली स्कार्फ किंवा रुमाल बांधायची सवय पुष्कळांना आहे. तो रोज बांधणार असाल तर बांधूनच माप पाहावे.

आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबून धक्का शोषतो आणि पुन्हा फुगत नाही, त्यामुळे कोणाचे वापरलेले हेल्मेट घेऊ नये आणि एकदा जोरदार आदळलेले हेल्मेट वरून शाबूत दिसले तरी बाद करावे. व्हायझर पहिल्या वर्षी तरी पारदर्शकच असावा. काळी काच दुपारी देखणी दिसते, पण ऑफिसमधून रात्री परतताना खड्डा दाखवत नाही.

दुसरा क्रमांक मी हातमोज्यांना देतो, जॅकेटला नाही, आणि त्याला कारण आहे. गाडी घेतल्याच्या पहिल्याच वर्षी मी धायरी फाट्याच्या अलीकडे, वळणावर सांडलेल्या खडीवर, जेमतेम पंचवीसच्या वेगात पडलो. हेल्मेट डोक्यावर होते. हातमोजे पाठीवरच्या सॅकमध्ये होते, कारण जवळच तर जायचे होते. डाव्या तळहाताच्या मनगटालगतच्या फुगीर भागात खडीची कच रुतली, ती चिमट्याने एकेक काढावी लागली, आणि पुढचे पंधरा दिवस क्लच दाबणे सोडाच, टॉवेलही पिळता येत नव्हता. पडताना माणूस हात पुढे करतोच, ते आपल्या हातात नसते. म्हणून हातमोजे घेताना बोटांच्या सांध्यांवरचे चकचकीत कवच नंतर पाहावे आणि आधी तळहाताच्या त्या भागावर चामड्याचा दुहेरी थर किंवा कठीण स्लायडर (रस्त्यावर न रुतता घसरणारा टणक तुकडा) आहे का, ते तपासावे. मनगटाचा पट्टा आवळून बोटांच्या टोकांकडून हातमोजा ओढावा. तो निघून आला तर परत ठेवावा. ईएन १३५९४ हे मोटारसायकलच्या हातमोज्यांचे युरोपीय मानक आहे.

जॅकेटबाबत पुण्याचे हवामान हाच पहिला निकष असू द्यावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सिग्नलला उभे राहून चामड्याचे जॅकेट कोणी घालत नाही, आणि जे घातले जात नाही ते कितीही चांगले असले तरी उपयोगाचे नाही. रोजच्या वापराला जाळीचे जॅकेट घ्यावे, मात्र खांदे आणि कोपर येथे जाळीऐवजी जाड, घट्ट विणीचे कापड असावे, कारण रस्त्यावर घासताना जाळी लवकर फाटते. मोटारसायकलस्वाराच्या कपड्यांच्या ईएन १७०९२ या युरोपीय मानकात एएए ही सर्वांत वरची श्रेणी, त्याखाली एए आणि मग ए; लेबलावर ही अक्षरे शोधावीत. आतले आर्मर, म्हणजे धक्का शोषणारे पॅड, खिशातून बाहेर काढून त्यावरचे ठसे वाचावेत: ईएन १६२१, मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, आणि १ किंवा २ हा स्तर, ज्यात २ अधिक संरक्षण देतो. पाठीचा खिसा विशेष तपासावा, कारण पुष्कळ जॅकेटांत तेथे उशीसारखा साधा फोम घातलेला असतो. तसे असेल तर प्रमाणित पाठीचे पॅड वेगळे विकत घ्यावे. हात हँडलवर असल्यासारखे पुढे करून पाहावे. कोपराचे आर्मर कोपरावरून सरकत असेल तर एक माप लहान घ्यावे.

पायांसाठी घोटा झाकणारा, टाच आणि पुढचे टोक कडक असलेला बूट लागतो. नाडी असल्यास ती आत खोचता यावी, नाहीतर गिअरच्या पेडलला अडकते. चपलेवर गाडी काढू नये, कोपऱ्यावरून दूध आणायचे असले तरी. साध्या जीन्सखाली पट्ट्यांचे गुडघ्याचे गार्ड बांधले तरी सुरुवातीला चालते.

पावसासाठी वेगळे जॅकेट घेण्याची घाई नको. जाळीच्या जॅकेटवरून चढवता येईल असा, दोन मापे मोठा, फिकट रंगाचा आणि पाठीवर चमकणारी पट्टी असलेला रेनसूट जूनच्या आधी घेऊन ठेवावा. ताम्हिणीचा बेत असेल तर व्हायझरवर वाफ धरू न देणारी आतली काचही बसवून घ्यावी.

सगळे घरी आले की लेबले न काढता एकदा पूर्ण चढवून गाडीवर बसावे, आपली गाडी यायची असेल तर मित्राच्या. क्लच, ब्रेक, इंडिकेटर आणि किल्ली हातमोज्यांसह हाताळून पाहावे, मान मागे वळवून पाहावी, आणि जे अडते ते बदलून घेण्याची मुदत संपण्याआधी दुकानात परत न्यावे. त्यानंतर दाराजवळ एक मजबूत खुंटी ठोकून घ्यावी, कारण कपाटात ठेवलेले जॅकेट कपाटातच राहते. हेल्मेट आरशावर टांगू नये, त्याने आतले अस्तर दबते. ते खुंटीखालच्या फळीवर उलटे ठेवावे आणि कोरडे हातमोजे त्याच्या आत ठेवावेत, म्हणजे हेल्मेट उचलताना ते आपोआप हाती येतात.