बाळंतपणाचे सरकारी पैसे: माहेरी जाण्याआधी उरकायची कामं

कोल्हापूर जिल्ह्यात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. नोंदणी सासरी, डिलिव्हरी माहेरी आणि आधारवर नाव लग्नाआधीचं. पैसे अडकतात ते याच गुंत्यात. म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरायच्या आधीच सगळे कागद पुरे करा. बाळ झाल्यावर बँकेत खेटे घालायची ताकद कुणाच्याच अंगात नसते.

पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नाव नोंदवा. माता बाल संरक्षण कार्ड हातात पडलं की आरसीएच नंबर (गरोदर बाईचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहिली आहे ना, ते तिथंच बघून घ्या. माहेरी जाताना हे कार्ड न विसरता न्या. तिथल्या आशाताईंना ते दाखवलं म्हणजे पुढच्या तपासण्या त्याच कार्डावर चढतात.

मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात. त्यातले 3000 नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आतल्या एका तपासणीवर, उरलेले 2000 जन्मनोंद आणि बाळाच्या चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000 एकरकमी. जन्माची नोंद 21 दिवसांत करून टाका, ती राहिली की दुसरा हप्ताही राहतो.

जननी सुरक्षा योजना वेगळी. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईची डिलिव्हरी दवाखान्यात झाली की ग्रामीण भागात 700, शहरात 600 रुपये. वयाची आणि दोन मुलांची अट 2013 मध्येच काढली आहे. तिसरं बाळंतपण आहे म्हणून कुणी मागं फिरू नये.

आता बँक. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. खात्याला आधार जोडणं आणि आधार 'सीड' करणं, म्हणजे आधारवरून येणारे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी बँकेत नोंद करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मवर तुम्ही कुठलाही खाते नंबर लिहा, आधारवरून येणारी रक्कम शेवटचं सीडिंग ज्या बँकेत झालं तिथंच जाते. कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, आता बंद पडलेलं खातं असेल तर पैसे तिकडं जातात किंवा परत फिरतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, ती आधी बघा. खातं बाईच्याच नावावर हवं. नवऱ्याचं किंवा पतसंस्थेचं पासबुक चालत नाही. आधार, पासबुक आणि कार्ड, तिन्हीवर नाव अक्षर न् अक्षर सारखं असावं.

खरं तर 700 रुपयांपेक्षा मोठी बचत सरकारी दवाखान्यातल्या मोफत सेवेत आहे. सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त यांना पैसे पडत नाहीत. साध्या डिलिव्हरीला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस जेवण मिळतं. न्यायला आणि घरी सोडायला गाडीही मोफत. 102 आणि 108 हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाडीवर असाल आणि तारीख जुलै-ऑगस्टमध्ये असेल, तर कळांची वाट बघू नका. ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडंच थांबते. चार दिवस आधीच दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडं मुक्काम हलवा.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावरचं आईचं नाव, तारीख आणि वेळ वाचूनच बाहेर पडा. चूक त्याच टेबलावर पाच मिनिटांत दुरुस्त होते.