मनगटाच्या पकडीमागे दडलेली तलवार : आयकिडोच्या सरावासाठी मार्गदर्शन

आयकिडो ही जपानी युद्धकला शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यातच एक प्रश्न विचारतो : खऱ्या मारामारीत समोरचा माणूस ठोसा मारण्याऐवजी माझे मनगट कशाला धरील? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मनगटात शोधून सापडत नाही, ते कमरेला सापडते. सामुराई आपली कताना, म्हणजे लांब तलवार, डाव्या कमरेला, धार वर ठेवून, ओबीत म्हणजे कमरपट्ट्यात खोचत असे. डाव्या हाताच्या अंगठ्याने मुठीपुढची चकती, म्हणजे त्सुबा, पुढे ढकलून पाते म्यानातून सैल करायचे आणि उजव्या हाताने मूठ धरून तलवार उपसायची, अशी ती क्रिया होती. सराव चांगला असेल तर उपसणे आणि वार करणे या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. अशा माणसाजवळ उभे असताना त्याच्या उजव्या मनगटाचा ताबा घेणे म्हणजे त्याची तलवार म्यानातच अडवून धरणे होते. या दृष्टीने पाहिले की आयकिडोतील पकडी कृत्रिम वाटत नाहीत आणि त्यांचा सराव कसा करावा हेही बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. चिलखत घातलेल्या योद्ध्यावर ठोशाचा उपयोग नसतो, म्हणून रणांगणावरील झोंबी ही धरणे, पाडणे, दाबून ठेवणे आणि शेवटी आखूड पात्याने चिलखताच्या फटीत वार करणे अशी होती. त्या झोंबीत ज्याचा हात मोकळा राहिला त्याचे पाते आधी बाहेर येई. पुढे शांततेच्या काळात चिलखत गेले, पण कमरेची शस्त्रे राहिली, आणि १८७६ च्या आदेशाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी येईपर्यंत सामुराईच्या अंगवळणी पडलेल्या हालचाली याच शस्त्रांभोवती घडत होत्या. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांना १९१५ साली होक्काइदोमधील एंगारू येथे सोकाकू ताकेदा भेटले आणि त्यांच्याकडून ते दाइतो-र्यू ही निःशस्त्र झुंजीची जपानी परंपरा शिकले. ताकेदा स्वतः मुरलेले तलवारबाज होते. उएशिबांनी १९३७ मध्ये काशिमा शिंतो-र्यू या जुन्या तलवार-परंपरेच्या नोंदवहीतही शपथपूर्वक नाव नोंदवले. पुढे इवामा या गावी त्यांनी आपले शिष्य मोरिहिरो साइतो यांना तलवार, काठी आणि निःशस्त्र तंत्रे एकाच सूत्रात शिकवली.

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळू. दोघांसाठी दोन बोक्केन, म्हणजे सुमारे १०२ सेंटीमीटर लांबीच्या लाकडी तलवारी, आणि सुमारे ३० सेंटीमीटरचा एक लाकडी तांतो, म्हणजे सुरा, एवढे साहित्य पुरेसे आहे. बोक्केन सुताराकडून करून घेणार असाल तर सरळ रेषांचे, गाठ नसलेले लाकूड निवडा आणि प्रत्येक सरावापूर्वी त्यावरून बोट फिरवून चीर पडली किंवा कुसळ निघाले नाही ना हे पाहा. तंत्र करणाऱ्याला तोरी आणि हल्ला करणाऱ्याला उके म्हणतात. या लेखात मी उकेबद्दल अधिक बोलणार आहे, कारण माझ्या मते आपल्याकडील सरावात खरी उणीव तिथेच आहे. उके मनगट धरतो आणि मग उभा राहतो. त्याने ते कशासाठी धरले हे त्यालाच ठाऊक नसेल, तर तोरीने कितीही सुबक हालचाल केली तरी तिला अर्थ उरत नाही.

पहिल्यांदा पकडीची मूठ नीट करून घ्या. बोक्केन दोन्ही हातांत धरा आणि कोणत्या बोटांवर भार आहे ते पाहा. करंगळी आणि अनामिका घट्ट, मधले बोट मध्यम, तर्जनी जवळजवळ सैल असायला हवी, आणि ओला पंचा पिळताना तळवे आत वळतात तसे दोन्ही तळवे किंचित आत वळलेले हवेत. आता बोक्केन खाली ठेवून जोडीदाराचे मनगट नेमके तसेच धरा. तर्जनी आणि अंगठ्याने आवळलेली पकड नुसती दुखते, पण समोरच्याच्या खांद्यापर्यंत आणि कमरेपर्यंत पोहोचत नाही. करंगळीकडून धरलेल्या पकडीतून मात्र त्याचा तोल हाताला कळू लागतो. तलवार धरणारा हात आणि मनगट धरणारा हात एकच आहे, हे शब्दांनी पटवण्यापेक्षा पाच मिनिटांच्या या अदलाबदलीने पटते.

दुसरा टप्पा आइहानमी कातातेदोरीचा, म्हणजे उकेच्या उजव्या हाताने तोरीचे उजवे मनगट धरण्याचा. तोरीने बोक्केन डाव्या कमरेला खोचावी आणि सावकाश उजवा हात मुठीवर न्यावा. उकेने उजवे पाऊल पुढे टाकत वरून ते मनगट धरावे आणि तोरीच्या बेंबीच्या दिशेने दाबावे, जेणेकरून पाते एक बोटभरही बाहेर येणार नाही. इथे तोरी हात मागे ओढू लागला की पकड आणखी आवळते आणि उकेचा डावा हात तोंडावर मारायला मोकळाच असतो, हे एकदा मुद्दाम करून पाहा. मग योग्य मार्ग घ्या. डाव्या हाताने उकेची बोटे आपल्या मनगटावरच झाकून ठेवा, त्याच्या समोरच्या रेषेतून थोडे बाजूला सरका, तलवारीच्या मुठीचे पुढे आलेले टोक बाहेरच्या बाजूने वर्तुळाकार वर न्या, उकेच्या मनगटावर ठेवा आणि त्याच्या पोटाच्या दिशेने हळूहळू खाली उतरवा. उकेचे गुडघे आपोआप वाकतात. मनगटावरचे निक्यो नावाचे तंत्र ते हेच. आता बोक्केन बाजूला ठेवून तेच करा. मुठीच्या टोकाची जागा तळहाताच्या करंगळीकडील कडेने घेतली आहे, आणि त्या कडेला जपानीत तेगाताना, म्हणजे ‘हाताची तलवार’, का म्हणतात हे वेगळे सांगावे लागत नाही. मनगट पिरगळू नका. तलवार खाली आणतो तसा हात खाली आणा. एवढाच फरक केला तरी सांध्यावरचा अनावश्यक ताण कमी होतो.

ग्याकुहानमी कातातेदोरीत उकेचा डावा हात तोरीचे उजवे मनगट धरतो. मला ही पकड सर्वांत बोधप्रद वाटते, कारण इथे प्रश्न धरलेल्या हाताचा नसून मोकळ्या हाताचा आहे. उकेने डाव्या हाताने तोरीचा तलवारीचा हात अडवला आणि स्वतःचा उजवा हात, म्हणजे शस्त्राचा हात, मोकळा ठेवला. तेव्हा उकेच्या उजव्या हातात तांतो द्या. मनगट धरल्याबरोबर त्याने तोरीच्या पोटाकडे सावकाश भोसकावे. तोरी जागेवरच उभा राहून मनगट सोडवण्याच्या खटपटीत असेल तर लाकडी टोक त्याच्या पोटाला टेकते आणि चूक लगेच समजते. तोरीने पाऊल पुढे टाकून, वळून, उकेच्या डाव्या खांद्याशेजारी त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहिले, तर तांतोला उकेच्या स्वतःच्या शरीराला वळसा घालून यावे लागते. या वळण्याला तेनकान म्हणतात. तेनकान हे मोहक वळण म्हणून शिकवले जाते तेव्हा त्याचा आकार तेवढा उरतो. पाते कुठून येणार आहे हे ठाऊक असले की पावलाची लांबी आणि कोन बहुधा आपोआप सुधारतात.

याच पकडीवर शिहोनागे ही फेक करून पाहा. आधी तोरीच्या दोन्ही हातांत बोक्केन द्या आणि उकेला त्याचे उजवे मनगट डाव्या हाताने धरू द्या. तोरीने बोक्केन कपाळासमोरून डोक्यावर उचलावी, उकेच्या हाताखालून एक पाऊल टाकावे, पूर्ण मागे वळावे आणि समोर सरळ खाली वार करावा. हात डोक्यामागे गेला, कंबर वाकली किंवा कोपर बाहेर पडले, तर बोक्केनचे टोक लगेच वाकडे दिसते. मोकळ्या हाताने करताना याच चुका लपून जातात. मात्र या फेकीत उके पाठीवर पडतो आणि डोक्याचा मागचा भाग आपटण्याचा खरा धोका असतो. म्हणून उकेचा हात त्याच्या स्वतःच्या खांद्याजवळ दुमडलेला ठेवा, त्याला खाली बसण्याइतका वेळ द्या आणि नवशिक्यांसोबत वेग वाढवू नका.

सोदेदोरी म्हणजे बाहीची पकड आणि मुनेदोरी म्हणजे छातीजवळच्या कापडाची पकड. या दोन्हींचा सराव तांतो हातात देऊनच करावा, कारण कापड धरणाऱ्या हाताचा उद्देश दुसऱ्या हातासाठी माणूस जागेवर ठेवणे हाच असतो. बसून करायच्या सुवारीवाझाचा संदर्भही शस्त्राचाच आहे. घरात किंवा दरबारात लांब तलवार बाजूला ठेवली जाई, पण आखूड तलवार कमरेलाच राहत असे.

मागून धरण्याच्या पकडी आत्मरक्षणाच्या वर्गात बहुधा लूटमारीच्या प्रसंगाशी जोडल्या जातात. त्यांचे जुने रूप समजण्यासाठी १७०१ सालचा एदो (आजचे टोकियो) किल्ल्यातील प्रसंग आठवावा. आसानो नागानोरी या सरदाराने किल्ल्यात शस्त्र उपसण्याची मनाई असताना किरा योशिनाका या दरबारी अधिकाऱ्यावर आखूड तलवारीने वार केले, तेव्हा काजिकावा योसोबेई नावाच्या अधिकाऱ्याने त्याला धरून आवरले. काजिकावाने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदीनुसार त्याचा एक हात आसानोच्या तलवारीच्या त्सुबाला लागला आणि त्या त्सुबासकट त्याने आसानोला दाबून धरले. शस्त्रधारी माणसाला धरणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. उशिरो र्योतेदोरीत, म्हणजे मागून दोन्ही मनगटे धरताना, उकेने हाच हेतू मनात ठेवावा : हात खाली आणि शरीराजवळ दाबून ठेवायचे, मुठीपर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत. तोरीने मग दोन्ही हात तलवार उचलल्यासारखे मध्यरेषेतून वर न्यावेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक पकडीत तलवार आहेच, असा आग्रह धरू नये. मोरोतेदोरी, म्हणजे दोन हातांनी एक हात धरणे, शस्त्राचा हात पूर्ण जखडण्यासाठी समर्थनीय ठरते, परंतु आजच्या डोजोत, म्हणजे सरावगृहात, ती प्रामुख्याने खांदे सैल ठेवून कमरेचे बळ हातात कसे आणावे हे शिकण्यासाठी वापरली जाते आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे. तिच्यावर इतिहास लादल्याने सराव सुधारत नाही. माझी कसोटी साधी आहे : शस्त्र हातात घेतल्यावर उकेची पकड अधिक प्रामाणिक आणि तोरीची जागा अधिक अचूक होत असेल, तरच ते स्पष्टीकरण ठेवावे.

एका वर्गात एकच पकड घ्या. दहा मिनिटे शस्त्रासह अगदी संथ, मग वीस मिनिटे शस्त्राविना, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे शस्त्रासह. त्या शेवटच्या पाच मिनिटांत उकेने पूर्वसूचना न देता कधी तांतो वापरावा, कधी नुसते मनगट दाबून धरावे. तोरीची पावले दोन्ही वेळा सारख्याच जागी पडत आहेत का, हे तिसऱ्या साथीदाराने बाजूला बसून पाहावे आणि थांबवून सांगावे.