रात्रीचं ताट काय सांगतं: घरातलं जेवण आणि घरातली दारू

घरातल्या कुणाची दारू हाताबाहेर चालली असेल, तर बाटली सापडायच्या कितीतरी आधी ते ताटात दिसायला लागतं. रात्री साडेदहाला परत आलेलं ताट बघा. पोळीचा एक तुकडा मोडलेला, वरण घट्ट होऊन बसलेलं, भाजीला हात लागलेला नाही, आणि शेजारची शेव-शेंगदाण्याची वाटी मात्र पुसून रिकामी. “सराफ्यात खाऊन आलो” हे इंदुरात कुणालाही पटणारं उत्तर, कारण सराफा बाजार रात्री खाऊगल्ली होतो आणि मध्यरात्रीपर्यंत गजबजलेला असतो. एखाद्या दिवशी ते खरंही असेल. पण आठवड्यात तीन-चार रात्री ताट असंच परत येत असेल, तर कालनिर्णयावर त्या तारखेला पेन्सिलीचं टिंब द्यायला लागा. भांडू नका, उलटतपासणी करू नका, नुसतं टिंब द्या. पुढे बोलताना आणि डॉक्टरांना सांगताना या टिंबांचाच उपयोग होतो.

उपाशी ताट ओळखायचं तर भरलेलं ताट कसं असतं ते आधी माहीत हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने दिली. त्यांच्या हिशेबाने 2000 कॅलरींच्या आहारात एका माणसाला दिवसाला साधारण 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 300 मिलि दूध किंवा दही, 35 ग्रॅम दाणे-तेलबिया आणि 27 ग्रॅम तेल-तूप लागतं. आपल्याकडे कमी पडते ती डाळ आणि भाजी. चौघांच्या वरणाला एक वाटी तूरडाळ घातली तर ती होते जेमतेम दीडशे ग्रॅम, आणि हवी असते 340. सगळी डाळ वरणातच घालायला नको. सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ, संध्याकाळी भाजलेले चणे, आठवड्यातून दोनदा पिठलं, एवढ्याने हिशेब जुळतो. अंडी खाणाऱ्या घरात माणशी एक अंडं धरा.

तेलाचा अंदाज चमच्यांनी येत नाही, डब्याने येतो. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा सुमारे सहा आठवडे पुरायला हवा. महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज दहा-अकरा ग्रॅम तेल जास्त जातंय, आणि बाहेरची कचोरी यात धरलेलीच नाही. मूठभर शेवेत, म्हणजे 30 ग्रॅमच्या आसपास, दहा ग्रॅम तेल असतं. पोह्यांवर चमचाभर शेव भुरभुरली तर काही बिघडत नाही. प्रत्येक वरण, प्रत्येक भाजी शेवेने झाकायची माळव्यातली सवय मात्र कमी करायला हवी.

सकाळच्या पोह्यांना उगाच नावं ठेवतात. माणशी 50 ग्रॅम कोरडे पोहे, तेल एक चमचा, मूठभर शेंगदाणे, वर अर्धी वाटी मटकीची उसळ आणि अर्धं लिंबू पिळलेलं, असं केलं की दहा-बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. लिंबू नुसतं चवीसाठी नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पोह्या-दाण्यांतलं लोह अंगी लागतं. पोह्यांबरोबर लगेच चहा घेतला की तो फायदा बराचसा वाया जातो. तासभर थांबा, विशेषतः घरातल्या मुली-बायकांनी. पोह्यांबरोबरची जिलबी फक्त रविवारी.

आता पेल्याचा हिशेब. पिणारा “दोनच घेतले” म्हणतो, पण दोन कशाचे? बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. मिलि गुणिले टक्के गुणिले 0.79, भागिले शंभर: पोटात गेलेलं शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये मिळतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 30 मिलिच्या स्मॉल पेगमध्ये 10 ग्रॅम, 60 मिलिच्या लार्जमध्ये 20, आणि 180 मिलिच्या क्वार्टरमध्ये 61. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिची एक बाटली 41 ग्रॅमची, म्हणजे चार स्मॉल पेगांएवढी. “मी फक्त बिअर घेतो” याचा अर्थ लावताना हे आकडे समोर ठेवा. घरी ओतलेला पेग मापाने घेतलेला नसतो, तेव्हा पेग न मोजता बाटली किती दिवसांत संपते ते मोजा.

हे अल्कोहोल उतरायला वेळच लागतो. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम जाळतं, त्याहून वेगाने नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे पाचलाही अंश राहू शकतो. लिंबूपाणी, ताक, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही दारू लवकर उतरत नाही. सकाळी सातला शाळेची व्हॅन चालवायची असेल तर आदल्या रात्रीचा हिशेब करावाच लागेल. आणि सुरक्षित अशी मात्रा मुळात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. बायकांच्या शरीरात तेवढ्याच दारूचं प्रमाण जास्त चढतं, आणि त्यांचं पिणं घरात जास्त लपवलं जातं.

एका क्वार्टरमधून सव्वाचारशे कॅलरी मिळतात, प्रथिनं शून्य. त्यामुळे भूक मरते, वजन मात्र लगेच उतरत नाही, आणि घरचे म्हणतात, “तब्येत तर चांगली आहे.” दंड आणि मांड्या बघा. शर्टाच्या बाह्या सैल पडल्यात आणि पोट पुढे आलंय, तर आत स्नायू झिजत असतील. शिवाय दारूमुळे बी-1 जीवनसत्त्व आतड्यातून नीट शोषलं जात नाही. ते फारच कमी झालं की माणूस गोंधळतो, तोल जातो, डोळे विचित्र हलायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं चढली आहे. पण प्यायलेली नसताना असं दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळात न्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा उपाशीपोटी प्यायला, तर रात्री साखर एकदम खाली येते आणि तीही नशेसारखीच दिसते. अशा घरात साखर मोजायचं यंत्र हाताशी हवंच.

ओळखायला चार प्रश्न पुरतात. डॉक्टर त्यांना ‘केज’ म्हणतात. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला किंवा डोकं हलकं करायला घ्यावी लागली का? दोन उत्तरं ‘हो’ आली तर तपासणी करून घ्यायला हवी. चौथं एकटंच ‘हो’ असेल तरी थांबू नका. सकाळच्या चहाच्या वेळी नीट बघा. कप दोन्ही हातांनी धरला जातो, किंवा अर्धाच भरून मागितला जातो, बशी वाजते, आणि कपाळावर घाम असतो. रात्रीची दारू उतरताना शरीर ती परत मागत असतं.

“गणपतीचे दहा दिवस थेंबही घेत नाही, मग व्यसन कसलं?” हा युक्तिवाद बहुतेक घरांत ऐकू येतो. दहा दिवस राहता येतं ही चांगलीच गोष्ट आहे. पण अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, निघाल्या की त्या रात्री किती घेतली जाते, तेही बघा. आणि रोज पिणाऱ्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, हे घरच्यांना सहसा माहीत नसतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत कंप आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडीचा झटका येऊ शकतो. दोन ते चार दिवसांत भास, भलतीच बडबड, ताप, कुणालाही न ओळखणं, आणि यात उपचाराविना माणूस दगावू शकतो. म्हणून शेजारच्या हिंदीभाषकांचा सावन लागला की तेव्हाच डॉक्टरांची वेळ घ्या. आपल्या श्रावणाला अजून पंधरा दिवस असतात. तेवढ्यात औषधांच्या आधाराने सोडायची तयारी होते. तोवर आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

आणखी एक कळकळीची विनंती. भिंतींवर, रिक्षांच्या मागे “न कळवता दारू सोडवा” अशा जाहिराती असतात, आणि सोसणारी बायको किंवा आई ती पूड भाजीत मिसळते. अशा पुडीत नेमकं काय आहे ते कळायला मार्ग नाही. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर दारू घेतली गेली, तर चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडते. हे औषध पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायचं असतं. लपवून अजिबात देऊ नका.

बोलायचं ते सकाळी, नाश्त्यानंतर, शुद्धीत असताना, आणि घरातल्या एकाच माणसाने. आरोप न करता जे पाहिलं ते सांगा. “बाबा, या महिन्यात अकरा रात्री तुम्ही जेवला नाहीत. परवा चहा सांडला, हात थरथरत होता. मला भीती वाटते. शनिवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे याल का?” इतकंच बोला. ‘बेवडा’ हा शब्द घरात कुणीही उच्चारू नये, मुलांसमोर तर नाहीच. नाही म्हणाले तर पुढच्या आठवड्यात परत विचारा. इंदुरात एम. वाय. रुग्णालयाचा मनोरुग्ण विभाग आणि बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. घरून बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 किंवा नशामुक्तीचा 14446 लावा. फोन घरच्यांनीही करता येतो.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, डोळे पिवळे, झटका, किंवा हलवूनही जाग न येणं: थेट इस्पितळ, 108. बेशुद्ध माणसाला उलटी करवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवून ठेवा आणि शेजारी बसा.

सोडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस खाण्याची घाई नको. खूप दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम गोडधोड किंवा ग्लुकोज देऊ नका. बी-1 आधी मिळायला हवं, ते डॉक्टर देतील. मग दिवसातून सहा वेळा थोडं थोडं: मुगाची मऊ खिचडी, दहीभात, केळं, उकडलेलं अंडं, राजगिऱ्याचा लाडू. यकृत बिघडलं म्हणून डाळ-दूध तोडायचं, हा जुना समज चुकीचा आहे. अशा रुग्णाला उलट जास्त प्रथिनं लागतात, किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. पोटात पाणी झालं असेल तर मीठ तोडावं लागतं, तेव्हा शेव, पापड, लोणचं आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा खारट मसाला) चारही बंद. झोपण्यापूर्वी पेलाभर दूध आणि अर्धी पोळी द्या, कारण आजारी यकृत रात्रभराच्या उपासात स्नायू खाऊ लागतं. आणि पेन्सिल कॅलेंडरजवळच राहू द्या. महिन्या-दोन महिन्यांनी ताट पुन्हा न जेवताच परत यायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.